पंचनाम्यापूर्वी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालविता, त्यांना पाहण्याचा योग मला आला नाही. परंतु निमंत्रणपत्रासोबत त्यांच्याविषयी जी चार पाने आली, त्यांत असे नमूद आहे की, शाळा सुटल्यावर ते चावडीच्या ओट्यावर बसत, आणि ज्याच्या घरी तगाईची नोटीस, जमाबंदीचा उतारा किंवा मामलेदार कचेरीतून एखादा लखोटा आला असेल, त्याला तो कागद वाचून दाखवून, त्याचा अर्थ उलगडून, पुढे काय तजवीज करावी तेही सांगत. या कामाचे त्यांना वेतन नव्हते आणि सरकारच्या कोणत्याही दफ्तरात त्याची नोंद नाही. शेतकऱ्याला आणि जमिनीच्या मालकाला शेतीचे व पिकांवरील किडींचे ज्ञान त्याच्या गावात, त्याच्या बांधापर्यंत कसे पोचते, आणि पुष्कळदा का पोचत नाही, हा आजचा विषय मी निवडला तो त्या चार पानांमुळेच.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्रात व्याख्यानांचा हंगाम उन्हाळ्याचा ठरून गेला आहे. शहरातील श्रोत्याला तो सुटीचा काळ. आपल्या या कापसाच्या मुलखात मात्र पऱ्हाट्या उपटून झाल्या आहेत आणि पेरणीला अवकाश आहे, असे जे थोडे दिवस मिळतात ते हेच. आणि तरीही आपल्या व्याख्यानमालांच्या विषयपत्रिका चाळल्या तर त्यांत वेदान्त सापडतो, साहित्यसमीक्षा सापडते, परराष्ट्रधोरण तर हमखास सापडते. गुलाबी बोंडअळी सापडत नाही. ती नोव्हेंबरात, बोंडात सापडते, आणि त्या वेळी तिच्यावर व्याख्यान देऊन काडीचाही उपयोग नसतो.

आपल्या राज्यव्यवस्थेने नुकसान मोजण्याचे शास्त्र फार पूर्वीपासून सिद्ध करून ठेवले आहे, ही गोष्ट मी कुत्सितपणे सांगत नाही. पीकपाहणी, आणेवारी, तिच्या जागी आलेली पैसेवारी, आणि सर्व बुडाल्यावर होणारा पंचनामा या क्रमाने पाहिले तर पीक बुडाल्याची वार्ता गावापासून मंत्रालयापर्यंत पोचविण्याची शिडी अखंड आहे, तिची एकही पायरी निखळलेली नाही. परंतु पीक बुडू लागले आहे, ही वार्ता वर नेणारी, आणि त्यावरचा उपाय खाली आणणारी शिडी तितकी मजबूत कधीच झाली नाही. गाव नमुना बारामध्ये पिकाचे नाव आहे, क्षेत्र आहे, ओलिताचे साधन आहे. त्या पिकावर यंदा काय पडले, याला रकाना नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीने शेतकऱ्याच्या हाती मोबाईल दिला आणि नोंदीचा अधिकारही दिला, हे उत्तमच झाले. पण त्या पिकावर काय पडले, हे तेथेही विचारले जात नाही.

या संदर्भात मला अमेरिकेतील एका प्रकरणाची हकिकत थोडी विस्ताराने सांगायची आहे, कारण ते प्रकरण कापसाचे आहे आणि त्याच्या मुळाशी एक कीडच आहे. बोंड पोखरणारा एक लहानसा सोंडकिडा मेक्सिकोची सरहद्द ओलांडून १८९२ च्या सुमारास टेक्सास प्रांतात उतरला, आणि दहा वर्षांत त्याने असा उच्छाद मांडला की, सावकार कर्ज देईनात, कुळे जमिनी सोडून चालली आणि गावेच्या गावे ओस पडतात की काय अशी धास्ती उत्पन्न झाली. कीटकशास्त्रज्ञांनी किड्याचा अभ्यास केला होता आणि पत्रकेही छापली होती; उपायही फारसे अवघड नव्हते. लवकर पक्व होणारे वाण घ्यावे, पेरा लवकर करावा, वारंवार मशागत ठेवावी, आणि वेचणी झाली की पऱ्हाट्या ताबडतोब नष्ट कराव्यात, एवढाच त्यांचा मथितार्थ. पण पत्रक वाचून कोणी पऱ्हाटी जाळीत नाही, हा अनुभव टेक्सासलाही आला. तेव्हा सीमन नॅप नावाच्या, वयाची सत्तरी गाठलेल्या एका गृहस्थाने १९०३ साली टेरेल या गावी निराळीच युक्ती योजिली. सरकारी प्रक्षेत्र काढायचे नाही, पगारी माणूस नेमायचा नाही. गावातल्याच एका शेतकऱ्याने आपल्याच जमिनीवर, आपल्याच औतांनी, सांगितलेल्या रीतीने शेती करायची, आणि त्यात त्याला खोट आली तर ती भरून देण्यासाठी गावच्या व्यापाऱ्यांनी व नागरिकांनी आधीच वर्गणी जमवून ठेवायची. वॉल्टर पोर्टर नावाचा शेतकरी पुढे आला. वर्षअखेर त्याला खोट आली नाही, नफा झाला. आणि जमवून ठेवलेल्या त्या वर्गणीला हात लावण्याची पाळीच आली नाही.

या प्रयोगातले मर्म पुष्कळांच्या ध्यानात येत नाही असे मला वाटते. लोक म्हणतात, नॅपने प्रात्यक्षिकाची महती सिद्ध केली. पण प्रात्यक्षिके त्यापूर्वीही होत होती. सरकारी प्रक्षेत्रावर ती होत आणि शेतकरी ती पाहून, मान डोलावून, सरकारचा पैसा आहे म्हणून जमते, असे म्हणत घरी येत. नॅपने जे केले ते असे की, ज्ञानाची जोखीम त्याने गावावर वाटून टाकली. ज्याच्या दुकानात शेतकऱ्याची उधारी होती त्याच दुकानदाराचा पैसा शेतकऱ्याच्या शिक्षणात गुंतला. पुढे १९०६ पासून एकेका काउंटीला, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या मधल्या प्रमाणाच्या एकेका मुलखाला, एकेक शेतकी सल्लागार मिळू लागला, आणि ८ मे १९१४ रोजी स्मिथ-लीव्हर कायद्याने त्या व्यवस्थेला कायमचे स्वरूप आले. आजही तेथील शेतकरी वा जमीनमालक अनोळखी किडा बाटलीत घालून काउंटीच्या कचेरीत नेतो आणि त्याची ओळख पटवून घेतो.

योगायोग असा की, त्याच १९१४ सालच्या फेब्रुवारीत हिंदुस्थान सरकारनेही किडींविषयी एक कायदा केला. घातक कीटक व कीड कायदा हे त्याचे नाव. त्याने परदेशातून येणारी रोपे, बियाणे, फळे यांच्यावर बंदरांत निर्बंध घातले, म्हणजे किडीला जकातनाक्यावर अडविण्याची व्यवस्था केली. कायदा आवश्यकच होता, त्याची मी निंदा करीत नाही. परंतु एकाच वर्षी एका देशाने किडीच्या भयापोटी तालुक्यागणिक एक शिक्षक नेमावा आणि दुसऱ्या देशावर राज्य करणाऱ्यांनी त्याच भयापोटी बंदरावर एक अंमलदार नेमावा, यात दोन राज्यव्यवस्थांच्या स्वभावातला सारा फरक उतरला आहे.

अमेरिकेतील व्यवस्था निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. तिचा एक मोठा दोष मराठी वाचकांस ठाऊक आहे, कारण वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव आपल्या घरोघर नेले आहे. दक्षिणेतील कापूस पिकविणारे हात बहुतांशी काळ्या वाटेकऱ्यांचे होते. जमीन दुसऱ्याची, बियाणे उधारीचे, अक्षरओळख नाही. जमीनमालकाला दिलेला सल्ला त्यांच्यापर्यंत झिरपत नसे. म्हणून कार्व्हर जेथे शिकवीत त्या टस्कीगीच्या संस्थेतून, त्यांच्याच आराखड्याप्रमाणे, १९०६ साली घोड्यांचा एक गाडा निघाला. त्यात औजारे, बियाणी आणि दाखविण्याजोगे नमुने भरलेले असत, आणि तो थेट वाटेकऱ्याच्या खोपटापुढे उभा राही. मालकाला शिकविणे आणि कसणाऱ्याला शिकविणे ही दोन भिन्न कामे आहेत, हे त्या गाड्याने ओळखले होते. हा मुद्दा आपण लक्षात ठेवू; थोड्या वेळाने तो आपल्याच गावात भेटणार आहे.

आता आपल्याकडे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या अज्ञानाची किंमत कोण वसूल करतो हे सांगून टाकले होते. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९०७ साली, पुण्यास स्वतंत्र शेतकी महाविद्यालय झाले. त्याचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची तपासणी करून १९१७ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, ते एका गावाला एक विषय मानून अभ्यासण्याचा आपल्याकडील आरंभीचा आणि अजूनही वाचनीय असा नमुना आहे. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रीय विस्तार सेवा आली, ग्रामसेवक आला, राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली, १९७४ साली पुदुच्चेरीला पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले आणि आज ती बहुतेक जिल्ह्यांत आहेत. राहुरीची ‘कृषिदर्शनी’ आमच्या शेतकऱ्याच्या फडताळात पंचांगाशेजारी असते, कृषी खात्याचे ‘शेतकरी’ मासिक येते, दूरदर्शनवर ‘आमची माती, आमची माणसं’ एका पिढीने संध्याकाळचे काम आटोपून पाहिले. साधने नव्हती, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

त्यांतला एक प्रयोग मात्र विस्मृतीत गेला आहे आणि तो मला या सर्वांहून मोलाचा वाटतो. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत श्रोतेमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा गावातील वीसेक मंडळी रेडिओपुढे बसत, अर्ध्या तासाचा शेतीविषयक कार्यक्रम ऐकत. आणि कार्यक्रम संपल्यावर उठून जाण्याऐवजी, गावातल्याच एका निमंत्रकाच्या पुढाकाराने, जे ऐकले ते आपल्या गावात लागू पडते की नाही याची चर्चा करीत, आणि जे पटले नाही ते प्रश्नरूपाने पुण्यास लिहून पाठवीत. पुढच्या कार्यक्रमात त्याचे उत्तर येई. पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने या मंडळांची शास्त्रोक्त तपासणी केली, आणि ज्या गावांत मंडळ होते तेथील लोकांच्या ज्ञानात झालेली वाढ, ज्या गावांत नुसता रेडिओ होता किंवा तोही नव्हता त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक आढळली. यंत्र तेच, आवाज तोच. फरक होता तो ऐकल्यानंतरच्या अर्ध्या तासाचा, गावाने गावाशी केलेल्या बोलण्याचा. १९५९ पासून ही योजना देशभर पसरविण्यात आली, आणि पसरता पसरता, आपल्या योजनांचे नेहमी होते तसे, तो अर्धा तास पातळ होत गेला आणि उरला तो रेडिओ.

आता बोंडअळीकडे येतो. या अळीचे शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स नावाच्या संशोधकाने १८४३ साली केले, तेही हिंदुस्थानातून गेलेल्या नमुन्यांवरूनच. म्हणजे ही कीड आपल्याला नवी नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षे बोंडअळ्यांचा विसर पडण्याइतके सुख झाले. परंतु २०१० साली गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीने पहिल्या बीटीला दाद देणे सोडल्याचे जाहीर झाले, २०१५ साली त्याच प्रांतात दोन जनुकांच्या बीटीचीही तीच गत झाली, आणि २०१७ साली तिने विदर्भ-मराठवाड्यात जो संहार केला तो येथे बसलेल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिला आहे. पहिल्या इशाऱ्यापासून आपल्या बोंडापर्यंत यायला तिला सात वर्षे लागली. टोळधाड एका दिवसात येते, तिच्याविषयी तक्रार करता येते. सात वर्षे चालत आलेल्या शत्रूविषयी कोणाकडे तक्रार करावी?

ज्ञान दूर होते काय? केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून नागपुरात आहे, विद्यापीठ अकोल्यास आहे. येथून सकाळच्या बसने निघावे आणि दुपारच्या जेवणाला तेथे पोचावे एवढेच अंतर. तेथील शास्त्रज्ञांना या अळीची सारी दिनचर्या ठाऊक होती. ती आपण क्षणभर जवळून पाहू, कारण तिच्याशी लढणे इतके अवघड का आहे हे तिच्या दिनचर्येतच दडलेले आहे. मादी पतंग पात्यावर, फुलावर किंवा कोवळ्या बोंडावर अंडी घालते. अळी बाहेर पडताच फार वेळ न दवडता आत शिरते, आणि शिरल्याचे छिद्र बोंड वाढता वाढता बुजून जाते. हिरव्या घाटेअळीचे तसे नाही. ती बोंडाला ठळक भोक पाडते, विष्ठा बाहेर टाकते, आपला पत्ता देऊन ठेवते. गुलाबी अळी पत्ता देत नाही. शेत हिरवेगार, बोंडे टपोरी, मालक खुशीत. आणि आत सरकी पोखरून झालेली. बाहेरून तिची एकच खूण लवकर दिसते ती फुलावर. अळीने आतून धाग्यांनी पाकळ्या बांधल्यामुळे फूल उमलत नाही, पीळ पडल्यासारखे मिटून राहते. त्याला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. डोमकळी दिसली की ती तोडून नष्ट करायची. हिरवी वीस बोंडे निरनिराळ्या झाडांवरून तोडून फोडून पाहायची, दोहोंत अळी निघाली तर फवारणीची वेळ झाली असे समजायचे. आणि पिकाला दीड महिना झाला की कामगंध सापळा लावायचा, त्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले की सावध व्हायचे. ही विद्या चौथीतल्या मुलाला शिकविता येईल. ती २०१७ च्या ऑगस्टात गावोगाव का नव्हती?

एक कारण असे की, तिला लागणारे सारे शब्द दुसऱ्याच्या हातात होते. बियाण्याच्या पाकिटात साडेचारशे ग्रॅम बीटी आणि सोबत एकशे वीस ग्रॅम साधे बियाणे येत असे. ते शेताच्या कडेने पेरावे, म्हणजे साध्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांच्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती पसरण्यास आळा बसेल, अशी त्यामागची योजना. शेतकरी त्याला ‘रेफ्युजी’ म्हणू लागला, आणि जो निर्वासित त्याला घरात कोण घेणार! पाकीट बांधावर पडून राही, नाहीतर पोरे त्याच्याशी खेळत. चांगल्या जमिनीच्या कडेचा पट्टा कमी उत्पन्नाच्या बियाण्यासाठी का द्यायचा, याचे उत्तर पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले होते. पण ज्याला ते उत्तर हवे होते त्याच्यापुढे बसून कोणी ते वाचले नाही. फरदडीचेही तेच. डिसेंबरात कपाशी काढून टाकावी, पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड घेऊ नये, असे सर्व तज्ज्ञ सांगत होते, कारण फरदड म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत मांडलेली पंगत. पण फरदडीतून सुटणारे चार-पाच क्विंटल ज्याच्या डोळ्यांपुढे आहेत, त्याने शेजाऱ्याच्या पुढच्या वर्षाच्या पिकासाठी ते सोडावेत, हे एकट्यादुकट्याला सांगून होणारे काम नाही. टेरेलच्या व्यापाऱ्यांनी भरलेल्या वर्गणीचे मोल येथे कळते.

शेवटी आला तो पंचनामा. डिसेंबरात शासनाने मदत जाहीर केली, तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशी तिघांची फौज बांधोबांध फिरली, आणि जी माणसे ऑगस्टात गावात एकत्र आली असती तर पीक वाचले असते, ती जानेवारीत एकत्र येऊन ते गेल्याच्या कागदावर सह्या करीत बसली. या माणसांना मी दोष देत नाही. त्यांना ज्या कामाचा हुकूम होता ते त्यांनी केले.

त्याच २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे मेली, शेकडो रुग्णालयांत पडली. त्या वर्षी कपाशी पुरुषभर उंच वाढली होती, तेव्हा नळी डोक्यावर धरून फवारावे लागे आणि औषधाचा तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर येई. हवा दमट, अंगात घामाने भिजलेला सदरा, आणि पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांप्रमाणे प्रत्येक बाटलीवर विषाच्या तीव्रतेचा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षर न येणाऱ्यालाही समजावी अशी ही सुंदर भाषा आहे. पण ज्याच्या पाठीवर पंप होता त्याला ती कोणी शिकविली नव्हती, कारण तो बहुधा शेतकरी नव्हताच. तो सालगडी होता, रोजंदार होता, किंवा मक्त्याने जमीन घेतलेला भूमिहीन होता. शेतकरी मेळाव्याचे निमंत्रण सातबाऱ्यावरच्या नावाला जाते, अनुदान त्या नावाला, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र त्या नावाला, मोबाईलवरचा कीडसंदेश त्या नावाला. आणि ते नाव पुष्कळदा पुण्यास किंवा नागपुरास नोकरीत असते. इकडे निंदणी करणाऱ्या बाया, ज्यांच्या दृष्टीखालून शेतातले झाड न् झाड जाते, ज्यांना डोमकळी सर्वांच्या आधी दिसते, त्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत. कार्व्हरांचा गाडा आपल्याकडे यायचा आहे तो येथे.

गैरहजर मालकाचे आणखी एक उदाहरण हुमणीचे आहे. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी दिवेलागणीला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात, बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात, पाला खातात आणि पहाटेच्या आत पुन्हा मातीत जातात. तेवढ्या दोन-तीन आठवड्यांत काठीला आकडी बांधून फांद्या झोडपल्या आणि खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकले, तर वर्षभराची हुमणी तेथेच संपते, कारण वर्षाला तिची एकच पिढी होते. पण हे सगळ्या गावाने एकदम केले तरच. एका बांधाची बाभूळ राहिली की तिच्यावर साऱ्या शिवाराचे भुंगेरे जमतात. आणि ती राहिलेली बाभूळ, आपण पाहाल तर, बहुधा ज्याचा मालक गावात राहत नाही त्याच्याच बांधावर असते. जमीनमालकाचे शिक्षण म्हणजे उत्पन्न कसे वाढवावे एवढेच नसून आपला बांध दुसऱ्याच्या पिकाला कसा लागतो हेही आहे, याचा विचार आपल्या कोणत्याही अभ्यासक्रमात मला आढळला नाही.

मग आज शेतकऱ्याचा खरा शिक्षक कोण? अप्रिय असले तरी उत्तर सरळ आहे: कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. तो सकाळी सातला दुकान उघडतो, उधार देतो, प्रश्न विचारला तर रागावत नाही, आणि पान आणून दाखविले तर दोन मिनिटांत बाटली काढून देतो. त्याचा नफा बाटलीत आहे, म्हणून त्याच्या निदानात बाटली येणारच. परंतु त्याला शिव्या देऊन भागत नाही, कारण त्याच्याइतका जवळ दुसरा कोणी नाही. हे ओळखून हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ साली दुकानदारांसाठीच एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला, ते शहाणपणाचे झाले. आपल्या राज्यानेही, २००८ साली सोयाबीनवर अळ्यांचा कहर झाल्यावर, दुसऱ्याच वर्षी ‘क्रॉपसॅप’ ही कीडसर्वेक्षणाची योजना काढली. सर्वेक्षक ठरावीक शेतांत ठरावीक दिवशी जाऊन किडे मोजतात, आकडे विद्यापीठाकडे जातात, सल्ला परत येतो. योजना चांगली आहे, पण तिच्यात गाव मोजले जाते, गाव स्वतः मोजत नाही. या बाबतीत इंडोनेशियाने पुढचे पाऊल टाकले. तेथे भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक फवारणीनेच वाढतो, कारण फवारणीत त्यांना खाणारे कोळी आधी मरतात, असे सिद्ध झाल्यावर १९८६ साली सरकारने सत्तावन्न कीटकनाशके भातासाठी बंद केली, आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरविल्या. आठवड्यातून एक सकाळ, शेत हीच शाळा, आणि शेतकऱ्याने स्वतः झाडावरचे शत्रू-मित्र मोजून, त्यांचे चित्र काढून, फवारायचे की नाही हे ठरवायचे. आपल्याकडेही शेतीशाळा भरतात. जेथे कृषी सहायकाला छायाचित्र काढून वर पाठविण्याची घाई नसते, तेथे त्या उत्तम चालतात.

आता या संस्थेने काय करावे, एवढेच सांगून मी थांबतो. आपले हे ग्रंथालय १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेते. त्याच्या एका कपाटात कादंबऱ्यांशेजारी दोन काचेच्या पेट्या ठेवाव्यात. एकीत या तालुक्यातल्या शत्रुकिडी टाचून ठेवाव्यात, दुसरीत मित्रकिडी. दुसरी पेटी अधिक महत्त्वाची, कारण ढालकिड्याची अळी मावा खाते हे ठाऊक नसल्यामुळे तिचा काळा काटेरी अवतार पाहून माणूस तिलाच आधी मारतो. आणि क्रायसोपा या मित्रकिडीची पांढरी अंडी पानाखाली केसाएवढ्या देठांवर उभी दिसतात ती बुरशी समजून पुसून टाकतो. दर शनिवारी ग्रंथालयाच्या फळ्यावर सापळ्यातील पतंगांची गेल्या तीन रात्रींची संख्या लिहावी. गावाच्या चारी शिवारांचे चार आकडे पुरेत, त्यांना तज्ज्ञाची सही लागत नाही. ज्याने फरदड न घेता डिसेंबरात पऱ्हाट्या काढल्या त्याला खोट आली तर ती भरून देण्यासाठी बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी, जिनिंगवाल्यांनी आणि, होय, कृषी सेवा केंद्रवाल्यांनीही, एक निधी उभा करावा. पहिल्या वर्षी दहा शेतकऱ्यांपुरताच. आणि निंदणीच्या बायांतून जिला प्रथम डोमकळी सापडेल तिचे नाव त्याच फळ्यावर लिहावे.

संस्थेच्या चिटणिसांनी मला आधीच विचारून ठेवले आहे की, श्रावणात सारा गाव डवरणीत गुंतलेला असताना रोज सकाळी सापळे पाहायला जाणार कोण. ज्यांचे औत आता मुलांच्या हाती गेले आहे, ज्यांना पहाटे चारला जाग येते आणि फिरायला निमित्त हवे असते, असे दहा-बारा ज्येष्ठ गृहस्थ मला या सभागृहात पुढल्या दोन रांगांत दिसत आहेत. सापळ्याची पिशवी सोडायची, पतंग मोजायचे, वहीत आकडा मांडायचा आणि पिशवी पुन्हा बांधायची, एवढे काम आहे. कामगंधाची गोळी तीन आठवड्यांनी बदलावी लागते, ती आणण्याचे काम चिटणिसांनी स्वतःकडे ठेवावे. पेरणी जूनच्या अखेरीस झाली तर पहिला सापळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात लागला पाहिजे.